जुन्या तबकड्यांचे नवे पाठ



कार्यक्रमपत्रिकेत आजच्या विषयाचे नाव वाचून काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, आणि त्याबद्दल मी त्यांना बोल लावणार नाही. ज्या व्यासपीठावरून इतिहास, अर्थकारण आणि संतवाङ्मय यांची चर्चा व्हावयाची, तेथे शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतील नाचाच्या बँडचे काय प्रयोजन, असे कोणीही विचारील. पण मला आज नाचाविषयी बोलावयाचे नाही आणि जॅझ संगीताचा साद्यंत इतिहासही सांगावयाचा नाही. त्या बँडांच्या तबकड्या एकदा मोडीत निघाल्या होत्या. त्या पुन्हा लोकांपुढे कशा आल्या, आणि पुढे आणताना त्यांचे काय झाले, एवढ्यापुरतेच माझे बोलणे आहे. जुनी पोथी छापावयास घेतली की कोणती प्रत प्रमाण धरावयाची, कोठे लेखनिकाचा हस्तदोष आणि कोठे मूळ पाठ, हे ठरवावे लागते. ज्या महाराष्ट्रात एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि ज्या पुण्यात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होण्यास जवळजवळ अर्धे शतक लागले, तेथल्या श्रोत्यांना हा व्यवहार परका वाटण्याचे कारण नाही. तबकडीचेही तसेच आहे. तीही एक पोथीच आहे; फक्त ती लाखेची आहे.

प्रथम ‘हॉट’ या शब्दाचा उलगडा करतो. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतील शहरांतून नाचघरांचे पेव फुटले. तेथे वाजविणारे बँड सामान्यतः दोन तऱ्हांचे. एक ‘स्वीट’, म्हणजे गोड. चाल कागदावर जशी लिहिली तशी, सुबक आणि गुळगुळीत वाजवावयाची. नाचणाऱ्याचे पाऊल चुकू नये एवढीच काळजी. दुसरे ‘हॉट’. यांच्या लेखी चाल निमित्तमात्र. कॉर्नेटवाला ती मोडून पुन्हा घडवितो, क्लॅरिओनेटवाला तिच्याभोवती वेलबुट्टी काढतो, ट्रॉम्बोन खालून तिला ढुशा देतो, आणि स्वर ठेक्यावर न पडता ठेक्याच्या किंचित अलीकडे किंवा पलीकडे पडत राहतात. आपल्या लग्नाच्या वरातीतला बँड ज्यांनी ऐकला आहे त्यांना ही वाद्ये परिचयाची आहेत. फरक वाद्यांचा नाही, वागणुकीचा आहे. आपल्याकडे बंदिश आणि बढत असा जो भेद आपण करतो तो येथे ध्यानात धरावा; मात्र येथे बढत एकट्याची नसून तिघाचौघांची एकाच वेळी चाललेली असते, आणि तरी कोणी कोणाच्या पायावर पाय देत नाही.

हे संगीत न्यू ऑर्लिन्स शहरातून आले, आणि मुख्यतः तेथील काळ्या वादकांनी ते घडविले. पण पहिली जॅझची म्हणून विकली गेलेली तबकडी, १९१७ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला व्हिक्टर कंपनीने मुद्रित केलेली, ती गोऱ्या वादकांच्या बँडची. काळ्या कलावंतांच्या तबकड्या खपतात हे कंपन्यांना उमगले ते १९२० साली मॅमी स्मिथ या गायिकेच्या ब्लूज गाण्याने धुमाकूळ घातला तेव्हा. मग ‘रेस रेकॉर्ड्‌स’ या नावाची वेगळी मालिका निघाली. काळ्या गिऱ्हाइकांसाठी काळ्यांचे संगीत, वेगळ्या यादीत, वेगळ्या क्रमांकाने. हा व्यवहार अपमानाचाच होता. तरी या अपमानाच्या यादीतच पुढे जपण्यासारखे जे काही होते त्यातले पुष्कळसे येऊन पडले.

आता आपण इंडियाना राज्यातील रिचमंड या गावी जाऊ. तेथे स्टार नावाचा पियानोचा कारखाना होता आणि त्याच कारखान्याची ‘जेनेट’ ही तबकड्यांची शाखा. मुद्रणाची खोली आगगाडीच्या रुळांलगत. गाडी आली की काम थांबवावयाचे. १९२३ च्या एप्रिल महिन्याच्या ५ आणि ६ तारखांना शिकागोहून जो ऑलिव्हर या कॉर्नेटवादकाचा बँड तेथे आला. ऑलिव्हरला लोक ‘किंग’ म्हणत. शिकागोच्या लिंकन गार्डन्स या नाचघरात त्याचा मुक्काम असे. त्याच्याबरोबर दुसरा कॉर्नेट होता लुई आर्मस्ट्राँगचा, वय अवघे एकवीस. क्लॅरिओनेटवर जॉनी डॉड्स, तालवाद्यांवर त्याचा धाकटा भाऊ बेबी डॉड्स, ट्रॉम्बोनवर ऑनरे ड्यूट्रे, बँजोवर बिल जॉन्सन, आणि पियानोवर लिल हार्डिन ही तरुणी, जी पुढल्या वर्षी आर्मस्ट्राँगची पत्नी झाली. दोन दिवसांत प्रसिद्ध झालेल्या नऊ गती मुद्रित झाल्या. याच जेनेटच्या कारखान्यात त्या दशकात कू क्लक्स क्लान या काळ्यांच्या द्वेष्ट्या संघटनेच्या तबकड्याही पैसे घेऊन छापून दिल्या जात. धंद्याला सोयरसुतक नसते म्हणतात ते असे.

त्या वेळी मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर आलेला असे, त्यात वाजवावयाचे. कर्ण्याच्या अरुंद टोकाशी एक पातळ पडदा, पडद्याला सुई, सुईखाली फिरणारी मेणाची चकती. हवेचा धक्का हीच काय ती शक्ती. म्हणून ज्याचे वाद्य बोजड आवाजाचे त्याने मागे उभे राहावयाचे. आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट ऑलिव्हरला झाकून टाकी, म्हणून त्याला इतरांपासून बराच दूर, कोपऱ्याशी उभे केले होते, ही आठवण लिल हार्डिनने पुढे सांगितली आहे. मोठा ढोल तर वर्ज्यच. त्याच्या दणक्याने सुई उडावयाची. बेबी डॉड्सला बहुतांशी लाकडी ठोकळ्यांवर भागवावे लागले. आणि दहा इंची तबकडीत मावते तीन मिनिटे. नाचघरात नाचणाऱ्यांची हौस पुरेपर्यंत जी गत लांबवावयाची तिची तीन मिनिटांत घडी घालावयाची.

म्हणजे पाहा, आपण ज्याला ‘मूळ’ म्हणतो ते तरी किती मूळ आहे? ज्या संगीतावर माणसे रात्र रात्र नाचली त्याचा कणा म्हणजे ढोलाचा ठेका, आणि तोच तबकडीवर नाही. पुढे १९४० च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या लू वॉटर्सने जुन्या चालीचा नवा बँड बांधला तो ऑलिव्हरच्या तबकड्या डोळ्यांपुढे ठेवून. अशा पुनरुज्जीवनवाल्यांच्या हाती जे लागले ते तबकडीवरचे संगीत होते, नाचघरातले नव्हे. कर्ण्याने जे गाळले ते त्यांच्या कानी कसे यावे? मुनिमाने घाईत टिपलेला हिशेब पुढे दस्तऐवज ठरावा, तसा हा प्रकार झाला.

१९२५ साली विजेवरचे मुद्रण आले आणि पुष्कळ फरक पडला. फ्लेचर हेंडर्सनचा बँड न्यूयॉर्कच्या रोझलँड या नाचघरात वाजवी. आर्मस्ट्राँग १९२४ मध्ये वर्षभरासाठी तेथे आला. १९२५ सालची त्या बँडची ‘शुगर फूट स्टॉम्प’ ही तबकडी म्हणजे ऑलिव्हरच्याच ‘डिपरमाउथ ब्लूज’ची नव्याने बांधलेली आवृत्ती, आणि तीत आर्मस्ट्राँग आपल्या गुरूचे कडवे वाजवतो. ऑलिव्हरने १९२३ साली ते दोनदा मुद्रित केले, एप्रिलमध्ये जेनेटसाठी आणि जूनमध्ये ओके कंपनीसाठी. पिढ्यान्‌पिढ्या कॉर्नेट-ट्रम्पेट वाजविणाऱ्यांनी ते मुखोद्गत केले. आपल्याकडे एखाद्या घराण्याची खास तान शिष्याच्या गळ्यात उतरावी तसे ते उतरत गेले. फरक इतकाच की येथे गुरू जवळ नव्हता, तबकडी होती.

हेंडर्सन, ड्यूक एलिंग्टन, जेली रोल मॉर्टन, डेट्रॉइटचा जीन गोल्डकेट, कॅन्सस सिटीचा बेनी मोटेन, अशी नामावळी सांगत बसलो तर रात्र होईल. ते सोडतो.

१९२९ च्या मंदीने या सगळ्यावर पाणी पडले. अमेरिकेत १९२७ साली दहा कोटींच्या वर तबकड्या खपल्या. १९३२ साली तो आकडा साठ लाखांवर आला. कंपन्या बुडाल्या, विकल्या गेल्या, एकीने दुसरीला गिळले. विस्कॉन्सिन राज्यात खुर्च्या बनविणाऱ्या एका कारखान्याची ‘पॅरामाउंट’ ही तबकड्यांची शाखा होती. ग्रामोफोनची लाकडी पेटी बनविता बनविता हे लोक तबकड्यांकडे वळले होते, आणि माल इतका हलका वापरीत की नवी कोरी तबकडीदेखील खरखरत असे. ऑलिव्हरने तिच्यासाठीही मुद्रण केले होते. १९३२ साली तेथील मुद्रण थांबले आणि धातूचे साचे मोडीच्या भावाने गेले. येथे साच्यांचे महत्त्व सांगितले पाहिजे. मेणाच्या चकतीवरून धातूचा उलटा ठसा काढतात. त्यावरून दाबून तबकड्या निघतात. साचा शिल्लक असेल तर पन्नास वर्षांनीही नवी स्वच्छ प्रत काढता येते. साचा गेला की मग कोणाच्या तरी घरी वाजून वाजून झिजलेली तबकडी हाच एकमेव आधार. जेनेट आणि पॅरामाउंट यांच्या मालाची बहुतांशी तीच स्थिती झाली. ऑलिव्हरच्या बँडची जेनेटने १९२३ च्या शरद ऋतूत मुद्रित केलेली एक तबकडी अशी आहे की तिची जगात एकच प्रत माहीत आहे. दोन बाजू, दोन गती, आणि एक प्रत. ती कोणाच्या हातून पडली असती तर हे व्याख्यान तेवढ्यापुरते आखूड झाले असते.

त्यातच दुसरे महायुद्ध आले, आणि येथे या कथेत आपला देश अगदी अकल्पितपणे शिरतो. तबकडी ज्या द्रव्याने बांधली जाते ती लाख. दगडाची पूड, काजळी, थोडे तंतू, आणि त्यांना धरून ठेवणारी लाख. ही लाख येई मुख्यतः हिंदुस्थानातून. छोटा नागपूर, मध्य प्रांत या भागांत पळस, बोर आणि कुसुम या झाडांवर लाखेचे किडे जोपासतात. आपल्या आयाबहिणींच्या बांगड्या ज्या लाखेच्या, तीच ही. १९४२ साली अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर ७० टक्के कपात घातली, कारण ती लष्करी कामाला हवी होती आणि समुद्रमार्ग धोक्यात होता. मग जुन्या तबकड्या गोळा करून दळून नव्या करण्याची मोहीम निघाली. शिकागोत वाजलेला ऑलिव्हरचा कॉर्नेट आमच्या पळसाच्या झाडावरील लाखेत उमटला होता, आणि ती लाख परत मिळविण्यासाठी तो दळला गेला. किती तबकड्या अशा गेल्या याची मोजदाद करण्याची तेव्हा कोणाला गरज वाटली नाही.

सुदैवाने काही वेडे लोक आधीच कामाला लागले होते. फ्रान्समध्ये शार्ल दलोने याने १९३६ साली ‘हॉट डिस्कोग्राफी’ नावाची सूची प्रसिद्ध केली: कोणती तबकडी, कोणत्या दिवशी, कोणी कोणी वाजविली. हे काम दिसते तितके सोपे नव्हते. तबकडीवर फक्त बँडचे नाव असे, आणि तेही खरे असेलच असे नाही. एलिंग्टनचा एकच बँड ‘जंगल बँड’, ‘वॉशिंग्टोनियन्स’, ‘हार्लेम फूटवॉर्मर्स’, ‘व्हूपी मेकर्स’ अशा नाना नावांनी नाना कंपन्यांना मुद्रण देत असे. तेव्हा लेबलाच्या जवळ मेणात खरवडलेला क्रमांक वाचावयाचा, ती पहिली खेप की दुसरी हे ओळखावयाचे, आणि मग कान लावून ठरवावयाचे की हा कॉर्नेट बबर मायलीचा की आणखी कोणाचा. मोडीतला कागद वाचून हे हस्ताक्षर कोणत्या चिटणिसाचे हे ठरविणाऱ्या इतिहाससंशोधकाचीच ही जात. पुढे इंग्लंडात ब्रायन रस्ट याने हेच काम अधिक व्यापक प्रमाणावर केले.

न्यूयॉर्कमध्ये मिल्ट गॅबलर नावाच्या गृहस्थाचे ‘कमोडोर’ हे दुकान होते. मोठ्या कंपन्यांकडे धूळ खात पडलेले साचे भाड्याने घेऊन त्याने तबकड्या पुन्हा काढावयास सुरुवात केली आणि त्यांवर सर्व वादकांची नावे छापली. ही गोष्ट लहान समजू नका. आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांवर गायकाचे नाव असते, क्वचित रागाचे असते. तबला कोणाचा, सारंगी कोणाची, याचा पत्ता नसतो. नाचाच्या बँडातील ट्रॉम्बोनवाला हाही तसाच बिननावाचा माणूस होता. गॅबलरने त्याला नाव दिले. १९४० साली कोलंबिया कंपनीने जॉर्ज अवाकियन या विद्यार्थिदशेतील तरुणाला हाताशी धरून हॉट जॅझच्या जुन्या तबकड्यांचे संच काढले; कंपनीच्या कोठारात शोधता शोधता त्याला आर्मस्ट्राँगची कधी प्रसिद्धच न झालेली मुद्रणेही सापडली. १९५३ साली निघालेल्या ‘रिव्हरसाइड’ या कंपनीचा आरंभ झाला तोच जेनेट आणि पॅरामाउंट यांचा जुना माल लांब चालणाऱ्या तबकड्यांवर आणून.

ज्या वर्षांत पॅरिसला आणि न्यूयॉर्कला रसिक लोक ऑलिव्हरच्या तबकड्यांसाठी अडगळीच्या दुकानांतून फिरत होते, त्याच वर्षांत स्वतः ऑलिव्हर जॉर्जिया राज्यातील सव्हाना येथे एका बिलियर्डघरात झाडलोट करीत होता. हिरड्यांच्या दुखण्याने त्याचे वाजविणे सुटले होते. १९३८ साली तो तेथेच वारला. पुनर्मुद्रणाचा मोठेपणा सांगताना हेही सांगितले पाहिजे, की तबकडीचा जीर्णोद्धार झाला म्हणून ती वाजविणाऱ्याचा झालाच असे नाही.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. जुनी तबकडी पुन्हा काढावयाची म्हणजे नक्की काय करावयाचे? पुष्कळांची समजूत अशी की जुने यंत्र लावले, दुसऱ्या यंत्रावर उतरवून घेतले, झाले काम. प्रत्यक्षात पावलोपावली निवड करावी लागते आणि प्रत्येक निवडीने संगीत बदलते.

गतीचेच घ्या. ‘अठ्ठ्याहत्तरची तबकडी’ असे आपण सर्रास म्हणतो. पण त्या काळी सगळी मुद्रणे नेमकी मिनिटाला ७८ फेऱ्यांवर झालेली नाहीत. कोणी थोडे सावकाश घेई, कोणी जलद. गतीत सुमारे सहा टक्क्यांचा फरक पडला की पट्टी एका अर्ध्या स्वराने सरकते. ७८ वर मुद्रित झालेली तबकडी जवळजवळ ८३ वर लावली की काळी पाचचे गाणे पांढरी सातमध्ये ऐकू येते, लय चढते, आणि कॉर्नेटचा भरदार आवाज चिरका होतो. मग खरी पट्टी ओळखावयाची कशी? येथे वाद्येच साक्ष देतात. कॉर्नेट आणि क्लॅरिओनेट यांना काळी पाच, काळी दोन, पांढरी चार या पट्ट्या सोयीच्या. नाचघरातला बँड अख्खी गत पांढरी सातमध्ये वाजवितो आहे असे ऐकू आले, की जाणकार समजतो: वादकाचे डोके फिरलेले नाही, यंत्राची गती फिरली आहे. ‘हॉट’ संगीताची जी झपाट्याची म्हणून कीर्ती आहे तिचा काही अंश अशा चुकीच्या गतीने लावलेल्या पुनर्मुद्रणांच्या पदरी घालावा लागेल, असे माझे मत आहे.

नंतर सुई. जुन्या ग्रामोफोनच्या पोलादी सुया खाचेच्या एका विशिष्ट खोलीवर घासत आणि तेथली भिंत झिजवीत. पुनर्मुद्रण करणारा वेगवेगळ्या जाडीच्या सुया लावून पाहतो. किंचित जाड सुई वरच्या, न झिजलेल्या भागावरून जाते, किंचित बारीक खालच्या भागावरून, आणि ज्या तबकडीत नुसती खरखर होती तिच्यातून एकाएकी क्लॅरिओनेट बाहेर येतो. हे काम धीराचे आहे आणि त्याला दुसरा उपाय नाही.

आणि तिसरी गोष्ट, खरखर. हिच्यावरूनच सगळी भांडणे आहेत. इंग्लंडात जॉन आर. टी. डेव्हिस नावाचे एक गृहस्थ होऊन गेले, १९२७ चा जन्म आणि २००४ चा मृत्यू. स्वतः वादक, ‘टेम्परन्स सेव्हन’ या गमतीच्या बँडात फेज टोपी घालून वाजवीत. संगणक येण्यापूर्वीच्या काळात ते जुनी तबकडी चुंबकी फितीवर उतरवीत, जेथे ‘टक्’ असा आवाज येई ती नेमकी जागा शोधीत, आणि तेथला चुंबकी लेप बारीक पात्याने खरवडून काढीत. एका तीन मिनिटांच्या तबकडीत असे शेकडो टके असू शकतात. सोनार दागिन्याची वजावट करतो त्या हाताने हे काम करावयाचे. थोडे जास्त खरवडले तर टकाबरोबर स्वरही जातो. त्यांनी खरखर समूळ काढण्याचा अट्टहास कधी केला नाही, कारण जेथे खरखर असते तेथेच झांजेची किणकिण असते आणि कॉर्नेटच्या स्वराची धार असते. एक काढावयास जावे तर दुसरे जाते.

दुसरी तऱ्हा ऑस्ट्रेलियाच्या रॉबर्ट पार्करची. १९८० च्या दशकात त्यांनी जुन्या तबकड्या स्वच्छ करून, एका कर्ण्यातून आलेल्या आवाजाची दोन बाजूंना वाटणी करून, वर सभागृहासारखा घुमारा चढवून प्रसिद्ध केल्या. आकाशवाणीवरून त्या गाजल्या. ज्यांनी जन्मात जुनी तबकडी ऐकली नसती अशा हजारो लोकांनी त्या आवडीने ऐकल्या. हे श्रेय त्यांचे त्यांना दिले पाहिजे. पण रिचमंडच्या त्या कोंदट खोलीत जो घुमारा नव्हता तो त्यांनी कोठून आणला, हा प्रश्न उरतोच. ज्ञानेश्वरीतले जुने रूप आजच्या वाचकाला अडते म्हणून संपादकाने नवे घातले तर वाचन सुकर होईल, परंतु आपण वाचतो आहोत ते संपादकाचे मराठी, हे निदान मुखपृष्ठावर छापावयास नको काय? माझा कल डेव्हिस यांच्याकडे आहे, हे मी लपवीत नाही.

आज हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे तो कायद्यामुळे. अमेरिकेत २०१८ साली झालेल्या कायद्यान्वये १९२३ सालच्या तबकड्यांवरील हक्क १ जानेवारी २०२४ रोजी संपले, १९२४ च्या तबकड्यांवरील पुढल्या वर्षी, आणि असेच दरवर्षी एकेक वर्ष मोकळे होत आहे. आपल्या देशात ही मुदत साठ वर्षांचीच असल्याने येथे त्या केव्हाच मुक्त झाल्या. हे उत्तमच झाले. परंतु हक्क संपला की संपादकही नाहीसा होतो. ज्याच्या हाती जी प्रत लागेल ती तो हव्या त्या गतीने वाजवून, यंत्राने खरखर धुऊन, वादकांच्या नावांशिवाय सोडून देतो. आणि अनुभव असा की चांगल्या पाठापेक्षा वाईट पाठच लवकर पसरतो, कारण तो फुकट असतो. ऑलिव्हरच्या १९२३ च्या सर्व गती डेव्हिड सेगर आणि डग बेन्सन या दोघांनी उत्तमोत्तम प्रती जमवून, गती तपासून पुनःप्रकाशित केल्या आहेत. त्या ऐकल्यावर दुसरा कॉर्नेट कोठे आहे हे आपल्याला बोट ठेवून दाखविता येते. पण शंभरातील नव्वद लोकांच्या कानी पडतो तो धुतलेला, पट्टी चुकलेला ऑलिव्हर. आणि तो ऐकून ते म्हणतात, एवढे काय आहे यात?

शेवटी मुंबईविषयी थोडे. १९३५ साली लिऑन ॲबी हा व्हायोलिनवादक आपला काळ्या वादकांचा बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ हा ट्रम्पेटवाला आणि टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक यांनी तेथे बँड चालविले. वेदरफोर्ड साधा माणूस नव्हे. १९२६ साली शिकागोत अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदाच्या ज्या तबकडीवर आर्मस्ट्राँग वाजवतो तीवर पियानो वेदरफोर्डचा आहे. तो १९४५ मध्ये कलकत्त्यास पटकीने वारला. या लोकांच्या सहवासात गोव्याचे आपले वादक तयार झाले. हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ, ज्याला मुंबई ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखे, हा त्यांपैकीच. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांनी १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात तो बाज कसा वापरला हे आपण सर्वांनी ऐकले आहे. चिकचा बँड त्यात पडद्यावरही दिसतो. भगवानदादांची पावले ज्या ठेक्यावर पडली त्याचे आजोळ न्यू ऑर्लिन्स आहे.

या मुंबई-कलकत्त्याच्या बँडांच्याही तबकड्या निघाल्या होत्या. कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलातील लेक्विमच्या बँडचे मुद्रण १९२६ चे आहे. या सगळ्यांतून निवडून ‘जॅझ अँड हॉट डान्स इन इंडिया’ हा १९२६ ते १९४४ या काळाचा संग्रह प्रसिद्ध झाला तो १९८० च्या दशकात, आणि तो काढला एका इंग्रज कंपनीने. आपण काढला नाही. त्यात आले ते टिकले. न आलेले किती असेल ते अजून गिरगावातल्या, वांद्र्यातल्या, म्हापशातल्या माळ्यांवर पडून आहे, आणि घर पाडून इमारत उठवावयाची ठरली की रद्दीवाल्याकडे जाते. ज्यांच्या घरी अशा तबकड्या असतील त्यांनी त्या आडव्या रचू नयेत, पुस्तकासारख्या उभ्या ठेवाव्यात, स्पिरिटने पुसू नयेत कारण स्पिरिटात लाख विरघळते, आणि लेबलावरचे नाव-क्रमांक वहीत उतरवून ठेवावेत. साचे नसतील तर तुमची प्रत हीच एक प्रत असू शकेल.

आता आपणांस क्रिकेट स्मिथच्या बँडची १९३६ साली मुंबईत मुद्रित झालेली ‘ताज महाल’ ही गत ऐकवितो. अर्ध्या मिनिटाने ट्रम्पेटकडे कान द्यावा, आणि त्यामागे पियानो काय करतो ते पाहावे. यंत्र चालविणाऱ्या मित्रांना मी खरखर कमी करू नका असे सांगून ठेवले आहे. मागे बसलेल्यांना ऐकू येत नसेल तर त्यांनी हात वर करावा.